पाहुण्यापायी जकात

डोंगरकड्याच्या वरच्या अंगाला, पैनगंगेच्या वाटेवर थावरा नायकाचा तांडा होता. बाप-आजे बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख हिंडले. थावराच्या पिढीत गोण्या गेल्या, बैल राहिले. गोऱ्हे घ्यायचे, पोसून कामाला लावायचे आणि नदीपलीकडं वऱ्हाडच्या बाजारात विकायचे, त्यावरच तांड्याची चूल पेटायची. थावरा बोलायला कमी, पण हट्टी असा की एकदा नाही म्हटलं की देव खाली उतरला तरी नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात पलीकडच्या भारत सरकारनं इकडं, निजामाच्या मुलखात, येणारं मीठ आणि घासलेट अडवलं. इकडून जबाब निघाला, नदीपार जाणाऱ्या मालावर जकात. आता अक्कल बघा! कापसाला माफी, कारण कापूस बड्या जमीनदारांचा आणि ते दरबारच्या मर्जीतले. तुरीला माफी. जबर जकात बसली ती फक्त बैलांवर. बैल विकणारे कोण, तर तांडेवाले. अन् त्यांच्यावरच राग काहून, तर थावराच्या झोपडीत सोनाजी मास्तर पाहुणा होता. शिरड शहापूरचा हा शाळामास्तर गावोगाव निजामाविरुद्ध सभा घ्यायचा. पोलिसांनी धाड घातली की तो रानात पसार. त्याला धरून द्यायला तांड्यातलंच माणूस पाहिजे होतं, आणि भुकेलं माणूस लवकर फुटतं हे नाक्यावरच्यांना चांगलं ठाऊक होतं.

नाकेदारानं थावराच्या धाकट्या भावाला, नेमसिंगला, तोंडावरच सांगितलं, "जकात माफ कर देता हूँ. मास्टर को हवाले करो. नायक नहीं सुनता, तो नायक बदलो."

नेमसिंग तसाच येऊन भरल्या तांड्यासमोर थावरावर कडाडला.

"दादा, बैलांच्या बरगड्या दिसून राहिल्या. ज्वारी सरली. एका माणसापायी लेकरं काहून मारता?"

"पाहुणा हाय त्यो."

"तुमचा असंल. आमचा न्हाई!"

तांड्याची रीत अशी की, पाहुणा कुणाच्याही दारी उतरो, तो नायकाचा. त्याला राखायचं नायकानं, निरोप द्यायचा नायकानं. थावरानं सगळ्यांकडं पाहिलं. एकही मान वर होईना. त्यानं डोक्याची पगडी काढली आणि नेमसिंगपुढं ठेवली.

"मंग तूच हो नायक."

कुणी तरी "असं करू नका" म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. कुणी म्हणालं नाही. ते त्याला फार लागलं.

"पगडी दिली का पाहुणा दिला?" तो घरात शिरताच त्याची बायको नीलाबाई कडाडली. थावराचं थावरालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी नेमसिंग नायकाची पगडी बांधून, बैल हाकत नाक्याकडं गेला. सोनाजी मास्तर पिशवी घेऊन उभा राहिला. "थावरादादा, मी निघतो. माझ्यापायी तांडा उपाशी नको."

"मला काहून इचारता? नायकाला इचारल्याबिगर पाहुण्यानं उठू न्हाई."

"आणि नायकच पोलीस घेऊन आला तर?"

थावरानं त्याच्या हातातली पिशवी घेऊन झोपडीत ठेवली. दिवसभर तो वाटेवर डोळे लावून बसला. भावाला शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या. नीलाबाईनं भाकर आणून दिली ती तशीच वाळून गेली.

दिवस कलला तेव्हा धूळ दिसली. थावरानं काठी आवळली. पण धुळीत पोलीस नव्हते, तांड्याचेच बैल होते. नेमसिंगची स्वतःची जोडी तेवढी नव्हती. त्याचा ओठ फुटला होता, पगडी रक्तानं माखली होती.

"काय झालं?"

"जोडी ठेवून घेतली त्याईनं." नेमसिंग खाली बसला. "नाकेदार म्हणला, आता तू नायक, मास्तर दे अन् बैल घेऊन जा. म्या तोंड उघडलं ते व्हय म्हणायलाच. कालपासून तेच घोकून गेलो होतो."

"मंग?"

"म्हणलं, नायकाचा पाहुणा हाय, देनार न्हाई. दुसरं बोलताच आलं न्हाई, दादा."

थावराला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.