वाचता येणारी सही

आपांची सही चौथीतल्या पोरालाही वाचता यायची. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकेक अक्षर सुटं, वेलांट्या जागच्या जागी आणि वर सरळ रेघ. एका सहीला चांगलं मिनिटभर लागायचं. आम्ही बाकीचे सही म्हणून जे काढायचो ते गांडूळ शाईत बुडवून सोडल्यासारखं दिसे. एकदा न राहवून मी विचारलं, "आपा, एवढी कोरून कशाला करता?" पेन न उचलता त्या म्हणाल्या, "उद्या कोणी पकडायला आलं तर त्याला नाव शोधावं लागू नये रे. बिचारा आधीच परेशान असेल."

मी खूप हसलो होतो तेव्हा.

आपा सूक्ष्मजीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. छावणीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी पाणी तपासायची प्रयोगशाळा काढली होती. ग्रामपंचायती, शाळा, हॉटेलं, सगळ्यांचं पाणी तिथं यायचं. औषधाच्या कारखान्यातली माझी नोकरी सुटली तेव्हा चाळिशी उलटलेल्या मला त्यांनी ठेवून घेतलं. बायकोनं नातेवाइकांत जाहीर केलं की हे आता शास्त्रज्ञ झाले. शास्त्रज्ञ कसला, मी जन्माचा भित्रा. जीव सूक्ष्मदर्शकाखाली मावणारा असेल तर माझी काही हरकत नसते. कुत्र्याएवढा झाला की मी रस्ता बदलतो. आपांची भीती तर त्याहून वेगळी. त्या कधी आवाज चढवत नसत. 'सुधाकर' म्हणाल्या की सगळं ठीक. 'सुधाकरराव' म्हणाल्या की मी हातातलं काम ठेवून आठवड्याभरातल्या चुका मोजायला लागायचो.

अहवाल पुढे ठेवला की पेनाचं टोपण काढायच्या आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "तू स्वतः भरलंस?" म्हणजे बाटलीतलं पाणी गावातल्या कुणाकडून मागवलं नाहीस ना, स्वतः जाऊन घेतलंस ना. हो म्हटलं की मग सही.

दुसरी त्यांची पद्धत महिन्यातल्या शेवटच्या शनिवारची. शहरातले पोटापाण्याला जीवशास्त्र करणारे पाच-सहा जण सकाळी अकराला त्यांच्या व्हरांड्यात जमत. एक रक्त-लघवी तपासणारे, एक माशांची पैदास करणाऱ्या, एक पिकांच्या रोगांवरचे, असे. चहाची किटली टोपडं घालून मधोमध ठेवलेली असे. प्रत्येकानं महिनाभरातली आपली एक चूक सांगायची. सगळ्यांची सांगून झाली की मगच चहा. माशांच्या बाई एकदा म्हणाल्या, "आपा, या महिन्यात माझी चूकच नाही." आपा शांतपणे म्हणाल्या, "मग या महिन्यात तुम्ही काम केलं नाय." कुणी फारच खोदून विचारलं की त्या म्हणत, "डॉक्टरांना परिषद हाय, वकिलांना हाय. आपल्याला कोण हाय? आपली सनद कुणी दिलीच नाय, तर काढून कोण घेणार? ते कामपण आपल्यालाच करावं लागतं."

मी या शनिवारांसाठी गोंडस चुका राखून ठेवायचो. बाटलीवर चिठ्ठी तिरकी चिकटवली. तापमान लिहायला पाच मिनिटं उशीर झाला. लोक हसायचे, चहा मिळायचा. आपा हसत नसत, पण ते मी चहाच्या नादात पाहिलं नाही.

मग देवगाव रंगारीच्या पुढच्या एका लहान गावातून तीन नमुने आणायचं काम आलं. पंचायतीची विहीर, नळाला येणारं टाकीचं पाणी आणि शाळेतला हातपंप. पहिले दोन झाले. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. फाटक उघडं होतं, पण फाटकात एक तांबूस कुत्रं आडवं पसरलेलं. मी लांबून हाड हाड केलं. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. मला तो उघडा डोळाच पुरेसा झाला. मागे फिरलो, टाकीच्या नळावरून तिसरी बाटली भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'शाळा, हातपंप'. एकाच गावाचं पाणी, जमिनीखाली कुठं भिंती असतात, अशी मनाची समजूत घातली. नमुने स्वच्छ निघाले. अहवाल आपांसमोर ठेवला.

"तू स्वतः भरलंस?"

"हो आपा."

भरलं मीच होतं. त्यांनी सही केली. मिनिटभर मी ती अक्षरं उमटताना पाहत उभा होतो.

तीन आठवड्यांनी, बैठकीच्याच शनिवारी, सकाळी नऊला प्रयोगशाळेतला फोन वाजला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई होत्या. "सर, आमच्या पोरांना जुलाब लागलेत. निम्मी शाळा घरी हाय. दोघांना सलाईन लावलं."

मी म्हणालो, "अरेरे."

"तुम्ही पाणी चांगलं म्हणून लिहून दिलंय, तवा पाण्याचा तर प्रश्नच नाय. मंग राहिली खिचडी. खिचडी करणाऱ्या मथुराबाईला कमिटीनं कालपासून बंद केलं. लोक तिच्या दारात जाऊन शिव्या देऊन आले हो. फक्त विचारायचं होतं, तुमचा अहवाल पक्का हाय ना?"

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढचे दोन तास मी काय केलं हे नीट आठवत नाही. तेच ते धुतलेलं काचसामान तीनदा धुतलं एवढं आठवतं. आपा आतल्या खोलीत होत्या, मधे फक्त पडदा. चार पावलं. गुपचूप सोमवारी जाऊन नवा नमुना आणावा आणि पाणी अचानक बिघडलं म्हणावं, असंही डोक्यात आलं. कुणालाच कळलं नसतं. खरं सांगतो, त्या विचारानं क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची जास्त भीती वाटली.

अकराला माणसं जमली. माझी पाळी आली. मी तिरक्या चिठ्ठीची चूक सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते कुत्रं. कुत्रं, नळ, चिठ्ठी, जुलाब, मथुराबाई, सगळं एका दमात.

"फोन कधी आला, सुधाकरराव?"

"नऊला."

आपांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "शनिवारची शाळा साडेअकराला सुटते. म्हणजे दोन तासांपासून पोरं तेच पाणी पीत हायत, आणि तुम्ही इथं बाटल्या धुताय."

त्या उठल्या, आत जाऊन फोन लावला. आवाज बाहेर येत होता. "बाई, हातपंपाला आत्ताच्या आत्ता साखळी लावा. माझा अहवाल खोटा हाय. हो, माझाच. सही माझी हाय ना? आणि त्या मथुराबाईंना सांगा, मी येतेय."

माझा, म्हणाल्या. सुधाकरचा नाही. त्या एका शब्दानं मी जेवढा घाबरलो तेवढा कुठल्याही कुत्र्याला घाबरलो नाही.

किटली तशीच राहिली. आपांच्या जुन्या गाडीतून आम्ही दोघंच निघालो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "अहवालात हातपंपाच्या पाण्यात टाकीइतकाच क्लोरीन लिहिलाय तू. जमिनीतून क्लोरीन कुठून येईल रे? पहिल्या वर्षाचं पोर पकडेल. मी वाचलं, आणि सही केली. तू भरलंस का विचारलं, कुठून भरलंस नाय विचारलं. तुझ्यावर भरोसा होता म्हणून नाय. सवय झाली होती म्हणून."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

फाटकात तेच कुत्रं होतं. म्हातारं, पुढचे दात पडलेलं. शेपूट हलवत बाजूला झालं. पंपापासून दहा पावलांवर नव्या संडासाचा खड्डा खणलेला होता. त्या दिवशी आत आलो असतो तर नमुना न घेताही दिसला असता. आपा लांब उभ्या राहिल्या. बाहेरचे जंतू बाटलीत जाऊ नयेत म्हणून मी पंपाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घेतलं आणि बाटली भरली.

सोमवारपर्यंत सगळ्या तपासनळ्यांतलं जांभळं द्रावण पिवळं झालं होतं आणि आतल्या उलट्या नळीत बुडबुडे धरले होते, म्हणजे जंतू वाढले होते. पाण्यात घाण उतरली होती.

अहवाल द्यायला आपा स्वतः गेल्या. सरपंच समजूतदारपणे म्हणाले, "म्याडम, जुना कागद फाडून टाका की. नवा द्या. बोभाटा कशाला?"

"जुना फाडला तर या बाईवरचं बालंट कोण फाडणार?" आपा म्हणाल्या. शाळेच्या पटांगणात, कमिटीसमोर त्यांनी चूक वाचून दाखवली आणि मग मला पुढे केलं. मथुराबाई खांबाला टेकून उभी होती. मी हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "माझ्या सासूनं मला घरातल्या पातेल्याला हात लावू दिला नाय चार दिवस, माहितंय का तुम्हाला?"

पुढच्या बैठकीत आपांनी स्वतःला शिक्षा सांगितली. सहा महिने सही बंद; आलेलं काम दुसरीकडे पाठवायचं. रक्त-लघवीवाले कळवळून म्हणाले, "आपा, कुणी मागितलंय का हे?"

"कुणी मागणारच नाय," त्या म्हणाल्या. "तोच तर वांधा हाय."

मला तेवढेच महिने बाटल्या धुणं आणि चिठ्ठ्या लिहिणं. काढून का टाकलं नाही हे विचारायची हिंमत कधी झाली नाही. बायको म्हणते, त्यांना तुमची दया आली. मला वाटतं, घाबरलेला माणूस हाताशी असलेला बरा, असा त्यांचा हिशेब असावा. सहा महिन्यांनी टोपण काढलं तेव्हा त्यांचा प्रश्न बदललेला होता. "कुठं उभा राहून भरलंस? तिथून काय दिसत होतं, सांग."

काही वर्षांनी एका सकाळी नळीत बुडबुडा आहे का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. पेनाचं टोपण लावून पेन माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, "सुधाकर, आजपासून मला दिसत नाय." परभणीला लेकीकडे गेल्या. गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारल्या.

शनिवार आम्ही चालू ठेवलाय. आणि त्या शाळेचं पाणी दरवर्षी मीच तपासतो. नवा बोअर लांब घेतलाय, खिचडी मथुराबाईच करते. मी अहवाल नेला की ती चुलीवर पातेलं ठेवत नाही. आधी कागद मागते, पदराला हात पुसते, मजकूर सोडून थेट खाली जाते आणि सहीवर बोट ठेवून चौथीपर्यंतच्या शाळेतलं वाचन लावते.

"सु... धा... कर..."

वडिलांचं नाव येतं, आडनाव येतं. तिचं बोट शेवटच्या अक्षरावरून उचललं जाईपर्यंत मी तिथंच उभा असतो.

"येतंय वाचता," ती म्हणते, आणि पातेल्यात पाणी ओतते.