केतकीचा पंचवीसचा हेका

आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या. त्यामुळे माझी पुतणी केतकी इंजिनिअर होऊन यवतमाळात लग्नाचे व्हिडिओ जोडायला बसली, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. मला विचाराल तर पोरीनं बरं केलं. फायलींवर शेरे मारण्यात माझा जन्म गेला. त्यापेक्षा लोकांची लग्नं पाहणं केव्हाही चांगलं.

बोंडअळीनं कपाशी, म्हणजे आमच्याकडची पऱ्हाटी, खाल्ली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही लग्नं झाली, पण शूटिंगवाला कोणी सांगेना. मामा, मावशी, करवली, ज्याच्या हाती मोबाईल तो शूटिंगवाला. कोणी मोबाईल उभा धरायचा, कोणी आडवा. ते सगळे तुकडे केतकीकडे येत. त्यासाठी तिनं स्वतः प्रोग्राम लिहिला होता. तो प्रत्येक तुकड्याला त्याची रुंदी-उंची विचारायचा, आडवा पडलेला नवरदेव उभा करायचा, सगळ्यांना एका मापात बसवून जोडायचा. मूळ आवाज काढून वर सनई.

"काका, यात चूक निघणारच नाही," ती म्हणायची. तिचा आत्मविश्वास आमच्या अख्ख्या खानदानाला पुरून उरेल इतका आहे, आणि मला तो आवडतो.

जूनच्या तोंडावर बोरी अरबचे वामनराव आले, मुलगी खुशीच्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला. तरुणपणी तापात त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं समजून घेत, आणि इतक्या सफाईनं की निम्म्या लोकांना पत्ताच लागत नसे. पाठवणीचा तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. खुशी गाडीजवळ वळून बापाला काहीतरी म्हणत होती.

"पोरगी लय घाईनं बोलून राह्यली," ते म्हणाले. "समजून नाही राह्यलं मले."

"पाठवणीत सगळेच घाईत असतात, काकाजी," केतकी म्हणाली.

"तवा माह्या डोळ्यात पानी होतं. तिचे ओठ दिसलेच नाही. म्या नुसती मान हालवली. ते हासली अन् गाडीत बसली. आता म्या कायले हो म्हटलं, तेच मले माईत नाही."

"मग तिलाच विचारा की," मी बोलून गेलो.

"कसं विचारू? बापाले समजलंच नव्हतं, हे समजल्यावर तिले कसं वाटन?"

बाजूच्या कोणाला विचारावं, तर तिथं बँड असा वाजत होता की कान असलेल्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

केतकीनं खुशीच्या मावशीच्या मोबाईलवरून आलेला मूळ तुकडा उघडला. त्यात ऐकू येत होता तो नुसता बँड, पण खुशी सावकाश चालत होती. चेहरा मात्र एवढासा, ओठ हलतात एवढंच दिसे, शब्द ओळखणं शक्यच नाही. केतकीच्या व्हिडिओत तीच खुशी लगबगा धावत होती. केतकीचा चेहरा उतरला.

व्हिडिओ म्हणजे शेवटी भराभर बदलणारी चित्रं. आमच्याकडचे लग्नाचे कॅमेरे सेकंदाला पंचवीस चित्रं घेतात. केतकी हे काम शूटिंगवाल्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे 'पंचवीस' हा आकडा तिनं प्रोग्राममध्ये डोळे मिटून लिहून टाकला होता. मावशीच्या मोबाईलनं दिवेलागणीच्या अंधुक उजेडात पंधराच घेतली होती. पंधरा चित्रं पंचवीसच्या चालीनं हाकली की माणसं पळणारच.

"रुंदी विचारली, उंची विचारली, वेग विचारायचा राहिला," ती म्हणाली. "विचारलं असतं तर फायलीनं सांगितलं असतं. चूक माझी." हे शेवटचे दोन शब्द तिच्या तोंडून ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो.

तिनं 'पंचवीस' खोडला आणि तिथे फायलीलाच वेग विचारणारी ओळ लिहिली. मग रुंदी-उंचीच्या हिशेबानं खुशीच्या चेहऱ्यापुरता चौकोन कापून तो पडदाभर मोठा केला. चित्र थोडं फुटलं, पण ओठ स्वच्छ दिसत होते.

वामनराव पुढे सरकले. आधी त्यांचे स्वतःचेच ओठ हलले, मग आवाज फुटला. "बाबा... यंदा... फवारनी करू नोका. माह्यी शपथ हाय. हो म्हना."

मागच्या हंगामात फवारताना विष अंगात भिनून ते दवाखान्यात पडले होते. त्या साली आमच्याकडे अशी कितीतरी माणसं पडली, काही उठलीच नाहीत.

पडद्यावर खुशी हसली. वामनराव तिच्याकडे पाहत राहिले.

"कालच फवारनीचा पंप दुरुस्त करून आनला म्या," ते म्हणाले. "पऱ्हाटीचं बियानं बी आनलं."

केतकी त्यांच्या समोर आली, ओठ नीट दिसतील अशी. "मग आता, काकाजी?"

"आता काय, बाई," ते डोळे पुसत म्हणाले, "हो म्हटलं ना म्या."