ऑइलपेंटचं आडनाव

धाडच्या बाजारात निवडणुकीच्या भिंती रंगवणारा एक पेंटर होता. साऱ्यांची नावं तो लिहायचा; त्याचं मात्र मी कधी विचारलं नाही. ब्रश दातात धरायचा, एक डोळा मिटून अक्षर जोखायचा.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी विधानसभेला अपक्ष उभा राहिलो आणि माझं नाव लिहायला त्याला सांगितलं. त्यानं गेरूचा डबा उघडला. शेजारी आमदारसाहेबांच्या घराण्याचं आडनाव ऑइलपेंटात चमकत होतं. आडनावाच्या आधी लिहिलेलं, या खेपेला उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाचं नाव तेवढं गेरूत.

"असं काऊन?"

"भाऊ, नाव दर खेपेले बदलते. पहिले काका, मंग बाप, आता पोरगा. आडनाव कायले पुसा?"

"मग माझं आडनाव?"

"तेबी गेरूनंच. निकाल लागला का पुसाले सोपं."

निकालानंतर गेलो, तर माझ्या नावावर चुना फिरला होता. शेजारच्या भिंतीवर पेंटर साहेबांचं आडनाव पुन्हा ऑइलपेंटात लिहीत होता, आधी नावाची जागा कोरी ठेवून.

"आता हे कोणासाठी?"

"साहेबाच्या नातवाचं बारसं हाय सोमवारी."

सोमवारी त्या बारशाच्या घुगऱ्या मीही खाऊन आलो.