बापाचा हक्क

आमच्या कोरेगावकडच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत असायचा. त्यामुळे मी लष्करात गेलो याचं कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र पलटणीत जायचं नव्हतं. मला पूल बांधायचे होते. गावाखालच्या ओढ्यावरचा लाकडी साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि दसऱ्यानंतर गाव तोच साकव पुन्हा उभा करायचं, तीच चूक करून. मधला खांब नेमका पाण्याच्या माऱ्यात. शाळेत असताना मी हे मोठ्या माणसांना सांगायचो आणि कानाखाली खायचो. पुढे सांगलीच्या कॉलेजात इंटर सायन्स झालो, गणितात वर आलो; पण त्यापुढचं शिक्षण घरून जमण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धामुळं अधिकाऱ्यांची भरती निघाली. भरतीच्या साहेबानं मला सांगितलं, की सैन्यात इंजिनिअरांची वेगळी शाखा असते, तिला सॅपर्स म्हणतात, आणि तिथं गेलास तर सरकारच तुला पूल बांधायला शिकवील. मी त्याच दिवशी सही केली.

मध्य हिंदुस्थानातल्या एका छावणीत आमचं प्रशिक्षण झालं. शेवटच्या महिन्यात प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म आला. कोणत्या शाखेत जायचं ते पसंतीच्या क्रमानं लिहा, म्हणून खाली तीन ओळी. मी लिहिलं: सॅपर्स, तोफखाना, सिग्नल्स. पायदळ कुठंच लिहिलं नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर मिरजेचा एक मुलगा होता, सतारी बनवणाऱ्यांच्या घरातला. तो कोरा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला.

"काय लिवू रं गड्या? मला समदं सारखंच."

"सॅपर्स लिव. दोघं संगट ऱ्हाऊ."

त्यानं माझ्याच पेनानं लिहिलं.

पंधरा दिवसांनी यादी लागली. सकाळची कवायत आटोपून सगळे फळ्याकडे पळालो. मिरजकर सॅपर्समध्ये होता. मी पायदळात होतो. तेही कुठल्या पलटणीत? ज्या पलटणीतून माझे वडील सुभेदार म्हणून पेन्शनवर आले, त्याच पलटणीत. गणिताच्या परीक्षेत मी पहिला होतो आणि तो मधे कुठंतरी. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"काय तरी चुकलंय," तो म्हणाला. "जाऊन इचार."

मी गेलो. आमच्या कंपनीचा मेजर इंग्रज होता, पण सरळ माणूस. त्यानं मला आत घेतलं, फाईल उघडली आणि हसून म्हणाला, "तुझ्या वडिलांनी तुला मागून घेतलं आहे. अभिमान वाटायला हवा तुला."

तेव्हा मला कळलं की सैन्यात असा एक रिवाज आहे. ज्या पलटणीत बापानं नोकरी केली, तिथं तो आपल्या मुलासाठी हक्क सांगू शकतो, आणि तो हक्क मुलाच्या गुणांपेक्षा आणि त्याच्या तीन ओळींपेक्षा वरचढ ठरतो. मेजरनं पत्र माझ्यासमोर ठेवलं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षर आमच्या पोस्टमास्तरांचं होतं, वळणदार. खाली वडिलांची मराठी सही. आणि सहीच्या वरचं शेवटचं वाक्य असं, की मुलाची स्वतःचीही हीच इच्छा आहे.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. कानशिलं तापली. वडिलांनी मला विचारलंच नव्हतं. उलट सॅपर्सबद्दल मी त्यांना दोन पत्रं पाठवली होती.

माझ्या चेहऱ्यावरून मेजरच्या लक्षात आलं असावं. त्यानं हसणं थांबवलं.

"तुझी इच्छा अशी नव्हती का?"

मी पत्राखालची सही बघत राहिलो.

"नसेल तर या पत्राखाली तसं लिही. वडिलांनी लिहिलेलं खरं नाही, एवढंच लिही आणि सही कर. वरून अजून शिक्कामोर्तब व्हायचं आहे. मी बदलून घेतो."

त्यानं पेन माझ्या पुढ्यात सरकवलं. मी ते उचललंही. पण लिहायचं काय, तर माझा बाप खोटं बोलला. ते पत्र फाईलला लागणार, फाईल पलटणीत जाणार. ज्या पलटणीत त्या माणसानं उभी जवानी घातली, तिथं गोऱ्या साहेबाच्या टेबलावर तो खोटारडा ठरणार, आणि तेही पोटच्या पोराच्या सहीनं. मी पेन खाली ठेवलं.

"मान्य आहे, सर."

सलाम ठोकून बाहेर आलो आणि बराकीमागं पडलेली एक पत्र्याची बादली पार चेपून सपाट होईपर्यंत लाथांनी तुडवली. मिरजकर लांब उभा राहून बघत होता. जवळ यायची त्याची छाती झाली नाही.

लेफ्टनंट होऊन पलटणीत रुजू होण्याआधी आठ दिवसांची रजा होती. कोरेगाव स्टेशनावर उतरलो तर समोर हलगी वाजत होती. वडिलांनी सगळं गाव आणलं होतं. पेन्शनीत निघालेले दहा-बारा म्हातारे बिल्ले लावून एका ओळीत उभे. सगळ्यांत पुढं वडील. इस्त्रीचा कोट, फेट्याचा तुरा कडक. मी खाली पाय टाकला तसे ते सावधान झाले आणि त्यांनी मला सलाम केला. सुभेदारानं लेफ्टनंटला करायचा तो, नियमाप्रमाणं, तळहात ताठ.

मी सलाम परत केला नाही. हात उठलाच नाही असं मी पुढं कैक वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मी ठरवून केला नाही. ट्रंक उचलली आणि त्यांच्या बाजूनं चालत बैलगाडीकडे गेलो. हलगी बंद पडली. वडिलांचा हात किती वेळ कपाळाशी राहिला ते मी वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. तिला अजून काही कळलं नव्हतं. वडील सोप्यात बसून फेटा उतरवत होते.

"आबा," मी म्हणालो, "त्या कागदावर माझी विच्छा म्हणून कुणाला इचारून लिवलं?"

"इचारायचं काय त्यात? बाप हाय मी तुजा."

"मी तुमास्नी दोन पत्रं धाडली हुती. मला सॅपर्समदी जायाचं हुतं."

"पूल बांधायला गवंडी ऱ्हातो रं," ते म्हणाले. मग एकदम उठून उभे राहिले. "सायबांची मेस ठाव हाय तुला? लय वर्सं मी त्या मेसच्या पायरीवर उभा ऱ्हायलो. पोरसवदा गोरं आत जायाचं, मी दार धरायचो. आत कवा पाऊल टाकलं न्हाई. त्याच मेसमदी, त्याच खुर्चीवर माजा पोरगा बसणार. दुसऱ्या कुटल्या मेसमदी बसलास तर मला काय त्याचं?"

"म्हंजी खुर्ची तुमाला पायजे हुती."

"व्हय! मला पायजे हुती!"

"मग तसं लिवायचं. माझी विच्छा म्हणून का लिवलं?"

त्यांनी हातातला फेटा खुंटीला अडकवला. आई मधे आली. "आवं, पोरगं आत्ता तर आलंय," एवढंच म्हणाली. मी तिसऱ्या दिवशीच निघालो. स्टेशनावर कुणी आलं नाही.

पलटणीत मी वाईट ठरलो नाही. जुने हवालदार मला सुभेदारसाहेबांचा पोरगा म्हणून ओळखायचे आणि जीव लावायचे, आणि त्यांच्या त्या मायेचीच मला चीड यायची. त्या मेसमध्ये पहिल्या रात्री बसलो आणि ताट तसंच ठेवून उठलो. ब्रह्मदेशात आमची कंपनी एका नदीच्या काठावर सॅपर्सना संरक्षण देत तीन दिवस पडून होती. माझ्या वयाचा एक अधिकारी चिखलात उभा राहून पुलाचे तुकडे जोडून घेत होता आणि मी त्याच्याकडं कुणी येऊ नये म्हणून पहारा करत होतो. त्याला प्यायला पाणी नेऊन दिलं आणि तुळयांबद्दल इतके प्रश्न विचारले, की तो वैतागून म्हणाला, "तू पायदळात काय करतोयस?" मी रिकामी बाटली उचलून पहाऱ्यावर परतलो.

युद्ध संपल्यावर मी सुटका मागून घेतली. मेसमधली खुर्ची सोडून आलो म्हणून वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी साताऱ्याला बांधकाम खात्यात कारकून झालो. ओव्हरसियरच्या जागेला शिक्षण अपुरं पडलं. पुढं वडील बोलू लागले, पण ऊस, बैल आणि पाण्याची पाळी यांच्यापलीकडं नाही. ते गेले तेव्हा मी रडलो, आणि रडतानाही रागातच होतो.

राग वयानं निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. त्या रिवाजावर तो आहेच, वडिलांवरही आहे. पण खरं सांगायचं तर त्यातला मोठा वाटा त्या तरण्या पोराच्या पदरात जातो. ज्या टेबलामागं त्याचं ऐकून घेणारा माणूस बसला होता, तिथं तो गप्प राहिला, आणि सारा राग त्यानं काढला तो एका म्हाताऱ्यावर, भर गावासमोर.