बगलेतल्या दोन टाक्या

रियाजने गॅसचं सिलिंडर पोचवलं नाही, असा बंगला खंडाळ्यात शोधून सापडायचा नाही. सत्तावीस वर्षं भरलेली सिलिंडरं खांद्यावरून वाहिलेला हा माणूस पंचेचाळिशीत पाण्याखाली बुडी मारायला शिकला, तेही हवेची टाकी पाठीवर बांधून! एका बंगल्यातल्या खोल तलावात यशोधरा स्कूबा शिकवायची. सिलिंडर उतरवता उतरवता याने डोकावून पाहिलं आणि पार खुळावला. मग दर हिवाळ्यात मालवणला जाऊन चार दिवस मासे बघायचे आणि वर्षभर गिऱ्हाइकांचे कान किटेपर्यंत त्यांचीच वर्णनं करायची.

गेल्या वर्षी कंबरेने दगा दिला. बोटीच्या शिडीवर टाकीसकट चढताना रियाज असा आखडला, की दोघांनी धरून घरी आणावा लागला. तरी तोंडाने 'काही दुखत नाही' चालूच. डॉक्टरांनी पाण्यात जायला परवानगी दिली, पण पाठीवर ओझं घ्यायचं नाही म्हणून बजावलं. त्याची बायको मेहमुदा एरवी मितभाषी, पण तिने निकाल देऊन टाकला. आता एकदाच, तेही माझ्यासमोर. दुखलं, तर हा नाद कायमचा बंद. रियाज दोन दिवस नीट जेवला नाही.

यशोधराने त्याला साइडमाउंटचा पट्टा दिला. यात पाठीवर काहीच नाही. मोकळ्या अंगाने पाण्यात उतरायचं, मग एकेक टाकी हातात घेऊन दोन्ही बगलांखाली अडकवायची. वर येतानाही आधी टाक्या काढून द्यायच्या. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर. जन्मभर व्हॉल्व्हची गळती तपासलेल्या माणसाला ते पाहूनच बरं वाटलं. श्वास आलटून पालटून दोन्ही टाक्यांतून घ्यायचा, हे तिने दोनदा सांगितलं आणि याने दोनदा मान हलवली.

परीक्षा त्याच बंगल्यातल्या तलावात ठरली. पहिली पंधरा मिनिटं स्वारी खुशीत तरंगत होती. मग उजवी बाजू वर येऊ लागली आणि रियाज सावरण्यासाठी कंबर पिळू लागला. यशोधराने त्याला वर आणलं आणि पट्टा सैल झाला असेल म्हणून ती तो आवळायला लागली. काठावरून मेहमुदा शांतपणे म्हणाली, "अहो, एकच टाकी संपवताय ना? हा घरचा गॅस नाही. एक संपेपर्यंत दुसरी भरलेली राखायला इथे चहा उकळायचाय का?"

यशोधराने काटे पाहिले. उजवी टाकी अर्ध्याच्या खाली येऊन हलकी झालेली, डावी भरलेली. रियाजचा चेहरा बघण्यासारखा झाला. हाडामांसात मुरलेली सवय पाण्यातही सुटली नव्हती. पुढचा अर्धा तास त्याने इमानदारीने नळ्या बदलल्या आणि पाटासारखा सपाट पोहला.

टाक्या वर देऊन तो शिडीने बाहेर आला. मेहमुदाने दुखतंय का म्हणून विचारलं नाही. त्या उत्तरावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिने त्याची सँडल पुढे सरकवली आणि पाहत राहिली. रियाज सहज वाकला, दोन्ही पट्टे लावले आणि उभा राहिला. तेव्हा कुठे तिचे खांदे सैल पडले. डोळे पुसत ती यशोधराला म्हणाली, "मालवणची दोन तिकिटं काढा. हे किती बरे आहेत, ते यांच्या तोंडून कधी कळायचं नाही."