खालच्या मजल्याची ऊब

जर्मनीत वाल्डॉर्फला आमच्या शेजारचे काका हिवाळाभर हीटर लावत नसत. "आल्झो, खालच्या जर्मन आजी सकाळी उठल्या की हीटर लावतात. आपली जमीन फुकटात तापते!" असं जर्मन लोकांसारखी 'आल्झो'नं, म्हणजे 'तर मग'नं, सुरुवात करून म्हणत घरात अनवाणी फिरायचे. चिक्कूपणाची हद्द!

एका सकाळी मी चहाला गेले, तर म्हणाले, "आज जमीन गारच आहे."

"मग लावा की आता हीटर!" मी म्हटलं. तोवर ते अनवाणीच जिना उतरत होते. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरकडून किल्ली आणून आजींचं दार उघडलं, तर आजी बाथरूममध्ये पडलेल्या.

आजी बऱ्या होऊन घरी आल्या. काकांचा हीटर अजून बंदच आहे. म्हणतात, "आल्झो, लावला तर आजी उठल्या की नाही, ते कसं कळणार?"