फोपनारच्या वाटेवरची मंडळी आणि मावशीचा आरसा

जिवंतांपेक्षा मेलेल्यांत ज्यांची ऊठबस जास्त, असे अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच गृहस्थ होते आणि ते नेमके आमच्या मावशीच्या पदरी पडले होते. मावसाजी शाळेत इतिहास आणि फारसी शिकवायचे. ते दिवस संस्थानं विलीन होण्याचे, नकाशे बदलण्याचे. पानठेल्यावर, कचेरीत, जिथे तिथे एकच वाद, की आपलं गाव कोणत्या राज्यात जाणार. मावसाजी डोळे मिटून म्हणायचे, "कुठेही जावो. आमच्या मंडळींचा पत्ता काही बदलत नाही." मंडळी म्हणजे फोपनार गावाच्या वाटेवरच्या जुन्या कबरस्तानातली. कधीकाळचे विणकर, सौदागर, त्यांची बायकामुलं. वारस कुणी उरला नव्हता. मावसाजी जोडे काढून आत शिरायचे आणि सोबतच्या माणसाची प्रत्येक कबरीशी ओळख करून द्यायचे. नव्या जावयालाही सोडलं नाही हो! "हे आमचे जावई, चांदनी स्टेशनावर रेल्वेत असतात," असं त्यांनी एका दगडाला सांगितलं आणि त्या बिचाऱ्याने घाबरून दगडाला वाकून नमस्कार केला.

दगडांवरची अक्षरं झिजलेली. समोरून काही म्हणता काही दिसायचं नाही, पण बाजूने तिरपा उजेड पाडला की ओळी हळूच वर यायच्या. त्यासाठी मावसाजी दर रविवारी मावशीचा आरसा सायकलला बांधून पळवायचे. मावशी पाण्याच्या पातेल्यात वाकून कुंकू लावायची आणि फणकारायची, "माझ्या तोंडावर धरला का कधी आरसा?" मावसाजी तोवर कोपऱ्यावर पोचलेले असायचे.

मग केळीच्या गाड्यांसाठी रस्ता निघाला, तो नेमका कबरस्तानातून. दगड फोडून गिट्टी होणार म्हणताच मावसाजींचं जेवण सुटलं. त्यातून एका बाईच्या कबरीवरची दुआ तेवढी वाचून झाली होती, नाव राहिलं होतं. त्यांनी फोपनारच्या लोकांना निंबाखाली गोळा केलं. "हे परके नाहीत, आपलेच बुजुर्ग आहेत. यांची कदर करा," असं त्यांनी एकेकाला विनवलं.

पुढच्या रविवारी मावसाजी आणि मी गेलो तर अख्खं कबरस्तान पांढरंशुभ्र! गावचे पाटील हातात कुंचा घेऊन हसत पुढे आले. "गुरुजी, तुमीच बोल्ले ना, आपलेच बुजुर्ग म्हणून? मंग दिवाळीले आपलं घर पोततो, तसं यायलेबी पोतलं. दोन-दोन हात चुना!"

अक्षरं चुन्याने गच्च बुजली होती. मावसाजी आरसा पोटाशी धरून मटकन खाली बसले. पण मजा अशी की रस्त्याचे मजूर आले, तो पांढरा थाट आणि वर झेंडूची फुलं पाहून पूजेतली जागा समजून हात जोडून परत फिरले. रस्ता वळसा घालून गेला. मी चुना खरवडू या म्हटलं तर मावसाजी चिडले. "लोकांनी मायेने लावलाय. पडेल तेव्हा पडेल." गावाला त्यांचं दुःख कळलं, तेव्हापासून त्या बाईचा दगड तेवढा कुणी पुन्हा पोतला नाही.

त्याचा चुना पडला, तेव्हा मावसाजी नव्हते. मावशी स्वतः आरसा पदरात गुंडाळून माझ्याबरोबर आली. उन्हं कलली होती. तिने आरसा धरला आणि दुआच्या खाली एक ओळ अलगद वर आली. नाव असणार. फारसी ना तिला येत होती, ना मला. मला रडूच फुटलं.

मावशीने मात्र जोडे काढले, पदर सारखा केला आणि त्या दगडाला म्हणाली, "बाई, मी ह्यांची बायको. आरसा माझा आहे हो."